ओढ्यापलीकडचं वॉरंट

"लोकांसाठी म्हणून यंत्र ठेवलंय, आणि ठेवलंय कुठं, तर दारातच. कोण कुणाचं नाव शोधतंय ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसलं पाहिजे ना."

फे टटलनं हे आपल्या पर्सला सांगितलं होतं, पण आर्डिस तिच्या खांद्यापाशीच उभी होती. प्रूइट काउंटीच्या कोर्टात शिरलं की डाव्या हाताला तो कॉम्प्युटर होता, उजव्या हाताला पाण्याचा नळ. त्यामुळे कॉम्प्युटरशी काम असलेली माणसं आधी बराच वेळ पाणी पीत उभी राहत.

"सरक जरा," आर्डिस म्हणाली. "कुणाचं बघायचंय?"

"कुणाचं नाही."

"बरं. त्या कुणाचंच-नाहीचं पूर्ण नाव काय?"

फेनं इकडंतिकडं बघितलं. "माझ्या पोराचं. स्कीटरचं."

"ते तू घरी हाक मारतेस ते. कोर्टाला स्कीटर माहीत नाही. थिओडोर जेम्स. जन्म मार्चमधला, बर्फ पडला होता त्या आठवड्यातला."

आर्डिसनं या काउंटीत उभा जन्म शाळेची बस चालवली होती. कुठलं पोर कुठल्या फाटकातून चढतं, त्याचं हजेरीतलं नाव काय आणि आईनं ठेवलेलं काय, हे तिला तोंडपाठ होतं. तीच पोरं मोठी झाली, काहींनी कायद्याची खोडी काढली, आणि मग त्यांच्या आया, आज्या, बायका आर्डिसकडं येऊ लागल्या. आर्डिस, जरा बघतेस का. आर्डिस बघायची. कुणी शिकवलं नव्हतं. चार वेळा चुकून पाचव्यांदा बरोबर बटण दाबणं हेच तिचं कॉलेज.

"हे बघ," ती फेला म्हणाली, "इथं खटले दिसतात. नाव, मग जन्मतारीख, कारण एका नावाची माणसं खंडीभर. खटला सापडला की शेवटच्या ओळीवर जायचं. तिथं 'तारखेला गैरहजर' असं असलं की समजायचं, न्यायाधीशानं वॉरंट काढलंय. मग समोर शेरीफच्या खिडकीवर यादी लावलेली असते, तिच्यात पडताळायचं. यादीत नाव नाही म्हणजे काहीच नाही, असं धरून चालायचं नाही. काही वॉरंटं बजावेपर्यंत झाकून ठेवतात."

"आणि खिडकीवर सरळ विचारलं तर?"

"दुसऱ्याचं विचार. स्वतःचं विचारायला जाऊ नये. रस्टी गेला होता, माझ्या नावानं काही आहे का म्हणून. आहे म्हणाले, आणि जेवायलाच ठेवून घेतलं."

स्कीटरचं निघालं ते परवान्याशिवाय मासे धरल्याचं, आणि तारीख चुकवल्याचं. फेचा चेहरा आधी पडला आणि मग खुलला. "एवढंच? मला वाटलं त्यानं कुणाला मारलं-बिरलं. तुझ्या शेजारच्या ड्वेनलाच विचारणार होते मी."

"ड्वेनला अजिबात नाही," आर्डिस म्हणाली.

हे सगळ्या काउंटीला कळत होतं, फेलाही कळत होतं. ड्वेन पोकॉर्नी शेरीफचा डेप्युटी होता, माणूस लाखात एक. पण त्याच्या कानावर एखादी गोष्ट गेली की त्याला उठावंच लागे. न ऐकलेल्या गोष्टीसाठी मात्र तो कुणाच्या दारात जात नसे. म्हणून ड्वेन आला की लोक पावसापाण्याचं बोलत, आणि ड्वेनही बिचारा पावसापाण्याचंच विचारी. प्रूइट काउंटीत पावसाची एवढी चर्चा होते त्याचं कारण शेती नव्हे, ड्वेन.

फे गेली. आर्डिसनं दोन घोट पाणी पिऊन घेतलं आणि मग ज्याच्यासाठी ती आली होती ते नाव टाइप केलं. लाइल ऑरिन हॉलेनबेक. धाकटा भाऊ.

काहीच नाही.

तिनं मधलं नाव काढून बघितलं, जन्मतारीख पुन्हा घातली. समोर जाऊन शेरीफच्या खिडकीवरची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. नाही. मग ती कारकुनीच्या काउंटरवर गेली. तिथं नॅडीन बसायची, आणि नॅडीनच्या डोक्यावर 'आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही' अशी पाटी होती.

"नॅडीन, लाइलच्या नावावर काही नाही म्हणतंय हे."

नॅडीननं आपल्या पडद्यावर बघितलं. "इथं काही नाही," ती म्हणाली. "इथं तरी."

आर्डिसला त्या शेवटच्या शब्दाकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. तिला पायऱ्यांवरून नाचत उतरावंसं वाटत होतं. लाइल घर सोडून वायोमिंगला तेलविहिरींवर गेला, त्यानंतर आई गेली, आर्डिसचा नवरा गेला, आणि दोन्ही वेळा लाइलनं फुलं पाठवली. त्याचं काम भारी आहे, रजा मिळत नाही, असं बाबा ज्याला-त्याला सांगत. सगळे मान डोलवत. आता बाबा थकले होते, गुरं शरदात विकायची ठरली होती. येत्या शनिवारी वासरांना डाग द्यायचा, तो हॉलेनबेकांच्या मालकीच्या खुणेचा शेवटचा. त्या दिवशी लाइल तिथं असावा, बापाशेजारी, आणि कुणी त्याच्या हातात बेड्या घालू नयेत, एवढंच आर्डिसला पाहिजे होतं. आयुष्यात तिनं फार मागितलं नव्हतं. हे मागितलं होतं.

बाबा चाऱ्याच्या दुकानासमोर पिकअपमध्ये बसून होते. ऑरिन हॉलेनबेक, हॅट गुडघ्यावर, मांडीवर लशींचा खोका.

"सापडलं का तुला पाहिजे होतं ते?" त्यांनी विचारलं.

"बसच्या परवान्याचं काम होतं हो."

"हं," बाबा म्हणाले.

गावाबाहेर पडल्यावर तिनं गाडी सरळ पुलाकडं घेतली, आणि बाबांचा हात डॅशबोर्डवर आला.

"पुलावरून नको."

"बाबा, त्या पुलावरून सिमेंटचे ट्रक जातात."

"मला नाही भरवसा त्या पुलाचा."

हे आता नेहमीचंच झालं होतं. घरी जायला ओढ्यावरचा पूल जवळचा, पण बाबा आणि त्यांच्यासोबत असेल तो प्रत्येक जण टेकड्यांना वळसा घालून खडीच्या रस्त्यानं जाई. तोंडात धूळ, गाडीला खडखडाट. आर्डिसनं पुटपुटत गाडी वळवली. कुंपणाच्या खांबांवर पक्षी बसले होते, गवत नुकतं हिरवं व्हायला लागलं होतं, आणि भाऊ घरी येणार होता. धुळीचं काय एवढं.

वळशाच्या टोकाला एक हिरवी पाटी होती. शाळेच्या बसमधून ती रोज मागं पडायची, म्हणून आर्डिसनं ती कधी वाचलीच नव्हती. आज गाडी हळू होती. 'कर्विन काउंटी'.

आर्डिसनं ब्रेक दाबला. लशींचा खोका सरकला.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"काही नाही. ससा."

ससा कुठला. तिला नॅडीनचं 'इथं तरी' आता ऐकू आलं होतं. शाळेची हद्द ओढ्याच्या पलीकडंही जात होती, पलीकडची पोरं तिच्याच बसमध्ये चढत, म्हणून पुलापलीकडचं वळण तिला 'आपलं' वळण. सगळ्यांनाच. अपघाताच्या त्या संध्याकाळी तिथं धावली ती इथली अग्निशामक गाडी, इथला डॉक्टर, इथला त्या वेळचा डेप्युटी. पण काउंटीची शीव ओढ्यातून जाते. हॉलेनबेकांची पिकअप टपालवाल्या हॅरॉल्डच्या मोटारीवर आदळली ती पुलाच्या त्या टोकाला. आणि खटला गाडी कुणाची, माणूस कुठला हे बघत नाही, जमीन कुठल्या काउंटीची ते बघतो. हे ती फे टटलला शपथेवर सांगू शकली असती. स्वतःच्या भावाचं शोधताना मात्र ती भलत्याच काउंटीत शोधून आली होती.

हॅरॉल्डचा गुडघा तेव्हा गेला. गाडी मी चालवत होतो, असं लाइलनं डेप्युटीला सांगितलं, त्याला तारीख मिळाली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी तो वायोमिंगच्या रस्त्याला लागला. हॅरॉल्ड अजून लंगडत टपाल टाकायचा. दर हिवाळ्यात बाबा त्याला कापलेल्या बैलाचं अर्धं मांस पाठवत. एकटा आहे बिचारा, म्हणत. हॅरॉल्डला बायको होती, तीन पोरी होत्या.

आर्डिसनं गाडी पुढं घेतली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती कर्विनच्या कोर्टात गेली. एवढीशी इमारत, पुढं तोफ, आत दालचिनीचा वास. लोकांसाठी कॉम्प्युटर नव्हता. काचेआड ढगळ स्वेटरातला एक माणूस होता, आणि त्याला नाव न् जन्मतारीख सांगावी लागे.

"तुम्ही त्याच्या कोण?"

"सार्वजनिक नोंद आहे ना? मग मी जनता," आर्डिस म्हणाली.

तो हसला. "तसं इथं कुणी म्हणत नाही. सगळे लांबची आत्या असतात." मग त्यानं बघितलं आणि त्याचं हसू जरा आवरलं. "आहे. तारखेला गैरहजर. जुनं आहे, पण जिवंत आहे. वॉरंट म्हातारं होऊन मरत नाही, बाई."

"आणि ते मिटवायचं कसं?"

"सल्ला देता येत नाही."

"सल्ला नको. न्यायाधीश बसतात कधी, ते सांगा."

"सोमवारी सकाळी." तो थोडा पुढं वाकला. "आणि सल्ला नाही, नुसती पाहिलेली गोष्ट सांगतो. पकडून आणलेल्या माणसाकडं न्यायाधीश एका नजरेनं बघतात, वकील घेऊन आपल्या पायानं आलेल्याकडं दुसऱ्या." त्यानं पेन उचललं. "आणखी एखादं नाव बघायचंय का? आलाच आहात तर."

"नाही," आर्डिस म्हणाली. इतकं पटकन, की तिचं तिलाच ऐकू आलं.

वकील तिनं फोनवरच गाठला. तो तिच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून उलटी करणारा मुलगा होता, त्यामुळे नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं. सोमवारची वेळ ठरली. मग तिनं लाइलला फोन लावला.

"कर्विनमध्ये?" लाइल म्हणाला. मागं यंत्रांचा आवाज होता. "आणि इतकी वर्षं तू प्रूइटमध्ये बघतेयस?"

"काल पहिल्यांदाच बघितलं. आधी धीर नव्हता. हसू नकोस."

"नाही हसत. मग मी सोमवारी येतो, ताई. शनिवारचं राहू दे."

"शनिवार कसा राहू दे? गुरं शरदात चाललीत. पुढच्या वसंतात तू कुणाला डाग देणार, मला?"

"ड्वेन येत असेल ना वासरांवर दोर टाकायला."

"येतो. त्याच्याइतका दोर कुणाला टाकता येतो? पण ड्वेनला कुणी सांगितल्याशिवाय ड्वेन ऐकत नाही. शनिवारी डाग, रविवारी जेवण, सोमवारी वकील. मी पाहिलंय सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. आजवर माझं चुकलंय का?"

"भलत्या काउंटीत—"

"ते सोडून."

यंत्रांचा आवाज थांबला. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा.

"बाबांना माहीत आहे हे?" त्यानं विचारलं.

"बाबांना काय माहीत असायचंय? त्यांना वाटतं तुला रजा मिळत नाही."

फोनची तार मधे असती तर आर्डिसनं ती बोटाभोवती गुंडाळली असती.

"बरं," लाइल म्हणाला. "येतो."

शनिवारी उजाडता उजाडता शेजारपाजार घोडे घेऊन आला. कुणाला बोलवावं लागत नाही. आज तुझी वासरं, उद्या माझी. फाटकापाशी लाइल उभा होता, केस पातळ झालेले, हात मात्र बापाचे. लोक येऊन त्याच्याशी हात मिळवत होते आणि पावसाचं बोलत होते.

ड्वेन आला. त्यानं गणवेश घातला नव्हता, जुनी निळी टोपी घातली होती. त्यानं लाइलकडं बघितलं, मग आभाळाकडं.

"कोरडं आहे यंदा," ड्वेन म्हणाला.

"तिकडंही कोरडंच," लाइल म्हणाला.

"घोडा चालवता येईल का तुला अजून?"

"तू पडलास तर उचलण्याइतपत येईल."

एवढं बोलून दोघं कामाला लागले. दोन घोडे आत, दोर हवेत, वासरू मागच्या पायांना दोर अडकवून ओढत आगीपाशी. दोघं जण दाबून धरणार, एक सुई टोचणार, आणि बाबा लोखंड टेकवणार. केस जळल्याचा वास, धूर, हंबरडा, आणि वासरू उठून आईकडं पळणार, जणू काही झालंच नाही. आर्डिस सुया भरत होती आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानत होती. ड्वेन लाइलच्या शेजारी घोड्यावर होता आणि तरी कुठंतरी दुसरीकडं होता. लाइल उजवीकडं आला की ड्वेनला डावीकडचं वासरू दिसे. तशी नजर सांभाळणं दोर टाकण्याहून अवघड, आणि तो दोन्ही करत होता.

बाबांनी शेवटचं वासरू लाइलला धरायला लावलं. लोखंड टेकवून झाल्यावर त्यांनी ते तसंच हातात धरून ठेवलं, थोडा वेळ. मग पाण्याच्या टाकीत बुडवलं. 'चर्र' झालं आणि संपलं.

जेवण कॉटनवुडच्या झाडाखाली. बीन्सची मोठी पातेली, भाजलेलं गोमांस, बटाट्याची कोशिंबीर, आणि तिखट बीन्ससोबत दालचिनीचे गोड रोल, कारण त्याशिवाय कुणाला जेवल्यासारखं वाटत नाही. आर्डिसनं बसण्याची जागा आधीच ठरवली होती. लाइल या टोकाला, ड्वेन त्या टोकाला, मधे फे टटल, कारण फेच्या पलीकडचं कुणाला काही ऐकू येत नाही. फे स्कीटरच्या माशांची गोष्ट सांगत होती. दंड भरून झाला होता, आता तिला ती गोष्ट फार आवडत होती.

बाबा ताट घेऊन आले. आर्डिसनं त्यांच्यासाठी लाइलशेजारची खुर्ची ओढून ठेवली होती. ते त्या खुर्चीजवळून पुढं गेले, टेबलाला वळसा घातला आणि ड्वेनच्या समोर जाऊन बसले.

"बाबा, तुमची जागा इकडं आहे."

"मला इथंच बसायचंय."

त्यांनी हॅट काढून गवतात ठेवली. जेवताना हॅट सगळेच काढतात, पण बाबांनी ती चर्चमध्ये काढावी तशी काढली. फेचा आवाज आपोआप खाली आला.

"पोरा," बाबा ड्वेनला म्हणाले, "सकाळपासून तू माझ्या लेकाभोवती असा फिरतोयस, जसा घोडा सापाभोवती."

"ऑरिनकाका, मी जरा घोड्याला पाणी दाखवून येतो," ड्वेन म्हणाला आणि उठू लागला.

"पाणी पाजलंय मी त्याला. बस."

ड्वेन अर्धवट उठलेला तसाच राहिला. आर्डिस रोलचं ताट घेऊन धावली. "ड्वेन, हे गरम आहेत तोवर घे. बाबा, तुम्हीसुद्धा घ्या. संध्याकाळी ढग येतील म्हणतात—"

"आर्डिस," बाबा म्हणाले, "ढग कुठं आहेत?"

आभाळ लखलखीत होतं. ती ताट हातात धरून उभी राहिली.

"त्या दिवशी हिरव्या पाटीपाशी तू गाडी थांबवलीस," बाबा म्हणाले. "ससा म्हणालीस. माझी नजर अधू झालीय, पण ससा नव्हता एवढं दिसलं मला. दुसऱ्या दिवशी तू कर्विनला गेलीस, तेही कळलं. तू सगळ्या जगाची नावं शोधतेस, पोरी. चांगलं करतेस. पण भलतं नाव शोधून आलीस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लाइल उभा राहिला. "बाबा, सोमवारी सगळं मिटतंय. वकील ठरलाय. काही बोलायची गरज नाही. खरंच नाही."

"तुला नाही. मला आहे." बाबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते ड्वेनकडं बघत होते. "लाइल, तुझ्या आईच्या मातीला तू आला नाहीस. मी तिथं उभा राहून लोकांना रजेचं सांगत होतो."

आर्डिसला दिसलं की कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फे आपल्या ताटाकडं बघत होती. सोरेन्सनांचे दोघं भाऊ आपल्या बुटांकडं. पुलाचा भरवसा नसलेला म्हातारा, हिवाळ्यातला अर्धा बैल, अपघाताच्या दिवशी बाजारात दारू कोण प्यायलं होतं आणि कोण नव्हतं, हे सगळं या माणसांनी इतकी वर्षं आपापल्या घरी झाकून ठेवलं होतं. आणि तिनंही. काचेआडच्या माणसानं विचारलं होतं, आणखी एखादं नाव बघायचंय का.

"काका," ड्वेन हळूच म्हणाला, "मी ऐकलं की मला ऐकावं लागतं. तुम्हाला माहीत आहे ते."

"म्हणून तर तुझ्यासमोर बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो पावसाचं बोलेल."

ड्वेन खाली बसला. त्यानं टोपी काढली.

आर्डिसनं रोलचं ताट टेबलावर ठेवलं आणि बाबांच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यांच्या शर्टाला धुराचा वास येत होता. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि थांबवायला ठेवला नाही.

"पुलावर त्या संध्याकाळी," बाबा म्हणाले, "गाडी मी चालवत होतो."